युनिव्हर्सिटीचा मार्चिंग बँड आणि दुसरी-तिसरीतली पोरं: ओळख कशी करून द्यावी?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा घाईने हवा आहे.

आम्ही अमेरिकेतल्या एका छोट्या युनिव्हर्सिटी गावात राहतो. इथल्या युनिव्हर्सिटीचा मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर रांगेने चालत चालत वाजवणारा बँड, ऑगस्टमध्ये सरावाला लागतो. हा बँड कॅम्प सुरू झाला की संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ड्रमलाइन, म्हणजे बँडमधली ढोलांची रांग, ऐकू येते. लेक तिसरीत आहे. ती ताटावरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहते आणि गजांवर बोटांनी तोच ठेका धरते. ते पाहून मी बँडच्या ऑफिसला मेल केला, की तुमची थोडी मुलं आमच्या एलिमेंटरी शाळेत येतील का? चक्क हो म्हणाले. एका शुक्रवारी बारा विद्यार्थी येणार आहेत. शाळेची जिम, ४५ मिनिटं, दुसरी-तिसरीची मिळून साठ मुलं.

आता माझी पंचाईत अशी. गेल्या वर्षी जवळच्या एका शाळेत असाच कार्यक्रम मी पाहिला होता. एकेक वाद्य वर धरून त्याचं नाव, ते पितळी की लाकडी, ते कधीचं, असं सगळं रीतसर सांगितलं. दहाव्या मिनिटाला मुलं बुटांच्या नाड्या सोडत-बांधत बसली होती. शेवटच्या रांगेतला एक मुलगा मात्र हळूच सरकत सूसाफोन (अंगाभोवती घालायचं ते भलंमोठं पितळी वाद्य) वाजवणाऱ्याच्या मागे गेला, आणि वाजत असताना त्याने नळीवर तळहात टेकवला. हात झटकन मागे घेतला, परत टेकवला. त्या मुलाला त्या दिवशी काहीतरी मिळालं. बाकीच्यांना मिळालं असं मला वाटलं नाही.

साठच्या साठ मुलांना तो तळहात कसा मिळवून द्यायचा, एवढाच माझा प्रश्न आहे. कोणी असं केलंय का?

दगडफूल

वाचते आहे. आमच्या शाळेतही करायचं मनात आहे.

पाऊलवाट

चांदणवेल, माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी सिव्हिल इंजिनीअरिंग शिकत असताना चार वर्षं युनिव्हर्सिटीच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी फुंकवाद्य वाजवायचो. लोकांना वाटतं ही सगळी संगीत शिकणारी मुलं असतात. तसं नसतं. माझ्या रांगेत नर्सिंगची एक, शेतीशास्त्राचे दोन, आणि आम्ही तिघे इंजिनीअर होतो. हे मुलांना आवर्जून सांगायला सांगा. 'मी मोठी होऊन डॉक्टर होणार आहे, मग मला हे करता येणार नाही' असं आठ वर्षांच्या मुलीलाही वाटत असतं.

माझा सल्ला: वाद्यांची नावं शेवटी. आधी चाल.

बँड ज्यावर चालतो ते अमेरिकन फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब असतं आणि दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. बहुतेक बँड पाच यार्डांत आठ पावलं टाकतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. जिममध्ये पाच-पाच यार्डांवर चिकटपट्टीच्या रेघा मारा. आठव्या पावलाला बुटाचा ठरावीक भाग रेघेवर आला पाहिजे, असं सांगा आणि मुलांना चालू द्या. पहिल्या खेपेस कोणी सहा पावलांत ओलांडेल, कोणाला दहा लागतील. दोन-तीन खेपांनंतर साठ पावलं एकदम पडल्याचा आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येतो, आणि तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

मग प्रत्येकाच्या तळहातावर कागदी पेल्यात अर्धं पाणी द्या आणि पुन्हा चालवा. टाच आधी, मग पाऊल बोटांपर्यंत गुंडाळत न्यायचं, कमरेच्या वर काही हलायचं नाही. याला आम्ही रोल स्टेप म्हणतो. पाणी सांडलं की मुलांना न सांगता कळतं, की धपधप चाललं तर ट्रम्पेट ओठांवर आपटेल आणि सूर थरथरेल.

मृद्गंध

पाण्याच्या पेल्याची कल्पना फार आवडली. फक्त जिमच्या लाकडी जमिनीवर पाणी सांडू देतात का ते आधी विचारा. आमच्याकडे कस्टोडियनकाका पेलेसुद्धा आत नेऊ देत नाहीत.

पाऊलवाट

खरंय. मग बीनबॅग घ्या, डोक्यावर किंवा हाताच्या पालथ्या पंजावर ठेवायला. काम तेच होतं.

नदीकाठ

मी शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांना बँड शिकवते. इकडे बऱ्याच शाळांत बँड याच वयात सुरू होतो, त्यामुळे दुसरी-तिसरीत झालेली ओळख फार मोलाची. त्या वेळी जे मनात बसतं तेच वाद्य मूल दोन वर्षांनी येऊन मागतं.

आमच्याकडे दरवर्षी इन्स्ट्रुमेंट पेटिंग झू भरवतात. पेटिंग झू म्हणजे प्राण्यांना हात लावता येतो ते प्राणिसंग्रहालय. नाव गमतीचं आहे, पण अर्थ बरोबर आहे: जवळ या, हात लावा, फुंकून पाहा. माझ्या अनुभवातून थोडं सांगते.

पितळी वाद्य हातात देण्याआधी नुसते ओठ फुर्रर्र करायला लावा, घोड्यासारखे नव्हे, तर मधमाशीसारखे घट्ट. मग नुसता माउथपीस, म्हणजे वाद्याचा ओठांना लावायचा भाग. मग माउथपीससकट वाद्य. ही पायरी गाळली की मूल ट्रम्पेटमध्ये नुसती हवा सोडतं, आवाज येत नाही, आणि 'मला नाही जमत' म्हणून जन्मभर लांब राहतं. मोठा माउथपीस लहान मुलाला सोपा जातो. म्हणून सुरुवात सूसाफोनपासून करा, ट्रम्पेटपासून नको. सगळ्यात मोठं वाद्य सगळ्यात लहान मुलीने वाजवलं की पुढच्या सगळ्यांची भीड चेपते.

बागेतला पाण्याचा पाइप, एका टोकाला नरसाळं आणि दुसऱ्या टोकाला माउथपीस, एवढ्यावर हॉर्न तयार होतो. तो वाजवून दाखवा, मग पाइप कापून अर्धा करा आणि पुन्हा वाजवा. सूर वर चढतो. पितळेचं सगळं शास्त्र त्या कात्रीत आहे.

आणि स्वच्छता. प्रत्येक मुलाला वेगळा माउथपीस शक्य नाही. प्लॅस्टिकचे डझनभर माउथपीस आणि माउथपीससाठीचा जंतुनाशक फवारा घ्या. फवारल्यावर बाटलीवर लिहिलेला वेळ खरोखर थांबा, नुसतं पुसून पुढच्याला देऊ नका. रीडची वाद्यं, म्हणजे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन, मुलांच्या तोंडाला देऊच नका. रीड म्हणजे तोंडाशी थरथरणारी वेताची पातळ पट्टी, ती नीट निर्जंतुक होत नाही. ती बँडच्या विद्यार्थ्याने फुंकावी आणि मुलांनी कळा दाबून सूर बदलावे. यात दोघांना मिळून एक वाद्य वाजवायची मजा मिळते.

अर्धविराम

माझं मत थोडं वेगळं आहे, मांडतो.

साठ मुलं, ४५ मिनिटं. प्रत्येकाला फुंकायला द्यायचं तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मिनिट येतं. मधल्या वेळेत बाकीची एकोणसाठ मुलं रांगेत उभी. माझ्या मुलाच्या शाळेत असंच झालं. चाळीस मिनिटं रांग, पंधरा सेकंद ट्रॉम्बोन. घरी येऊन त्याने रांगेत कोणी कोणाला ढकललं तेवढंच सांगितलं.

मुलांना नीट, मन लावून, जवळून ऐकू द्यावं असं मला वाटतं. ऐकणं म्हणजे काही न करणं नव्हे. एक अख्खा बँड दहा फुटांवरून ऐकला तर तो छातीत ऐकू येतो. तो अनुभव घाईघाईच्या 'हात लावून पाहा'मध्ये हरवतो.

नदीकाठ

अर्धविराम, रांगेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी गट पाडते. सहा ठिकाणं, दहा-दहा मुलं, दर पाच मिनिटांनी शिट्टी. पण ऐकण्याने एखादं वाद्य आपलं वाटतं, हे मला पटत नाही. दरवर्षी मुलांना विचारते, हेच वाद्य का? 'आवाज आवडला' म्हणणारी असतात, पण 'त्या दादाने मला धरायला दिलं होतं' म्हणणारी त्याहून जास्त असतात.

अर्धविराम

'त्या दादाने धरायला दिलं होतं' हे मनाला लागलं. मान्य. तरी पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून फक्त ऐकावं, ही माझी विनंती कायम.

काळी पाच

मी पेटी वाजवतो, मार्चिंग बँडशी संबंध लेकामुळे आला. तो ट्रम्पेट शिकायला लागला तेव्हा घरी पहिल्याच दिवशी वाद झाला. तो म्हणतो मी सी वाजवतोय, म्हणजे पेटीची पांढरी एक, आणि पेटीवर तो सूर निघाला काळी पाच, पाचवी काळी पट्टी. पोरगा रडकुंडीला आला, त्याला वाटलं ट्रम्पेट बिघडलंय. मग कळलं, की ट्रम्पेटचा सीच मुळी काळी पाचचा. आल्टो सॅक्सोफोनचा सी काळी दोनचा, मेलोफोनचा पांढरी चारचा आणि बासरीचा पांढरी एकचा. प्रत्येकाचा सा वेगळा, आणि तरी दोनशे जण एका सुरात वाजतात, कारण लिहून देणारा ते सगळं आधीच जुळवून देतो. ज्यांच्या घरी पेटी आहे त्या मराठी मुलांना हे जरूर दाखवा, पाच मिनिटांत समजतं.

दुसरी गोष्ट सप्तकांची. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर सुमारे साडेचार फूट भरते, ट्रॉम्बोनची नऊ, सूसाफोनची अठरा. दर वेळी दुप्पट, आणि दर वेळी बरोबर एक सप्तक खाली. तार, मध्य, मंद्र. साडेचार, नऊ आणि अठरा फुटांच्या दोऱ्या कापून मुलांच्या हातात धरायला द्या. अठरा फुटांची दोरी धरायला पाच-सहा मुलं लागतील, तीच दोरी गुंडाळून एका माणसाच्या अंगावर घातली की झाला सूसाफोन.

चांदणवेल

काळी पाच, दोरीची कल्पना वहीत लिहून ठेवली! आणि तुमचं नावच ट्रम्पेटचं निघालं की.

काळी पाच

नाव आधीचं आहे, ट्रम्पेट नंतर घरी आलं.

सातवा मजला

सूसाफोनचा विषय निघाला आहे तर आम्हा ओहायोतल्या कोलंबसकरांना बोलू द्या.

आधी नाव. जॉन फिलिप सूसा १८८० ते १८९२ अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख होता, पुढे त्याने स्वतःचा बँड काढला. त्याला असा ट्युबा (खर्जाचं मोठं पितळी वाद्य) हवा होता, की ज्याचा आवाज सगळ्या बँडच्या डोक्यावरून पसरेल. १८९३ मध्ये जे. डब्ल्यू. पेपर कंपनीने तो बनवला. तेव्हा कर्णा आकाशाकडे तोंड करून असायचा, त्यामुळे लोक त्याला पावसाचं पाणी धरणारा म्हणत. कर्णा पुढे वळला तो नंतर. मुलांना हे आवडतं, कारण लगेच विचारतात, 'मग पावसात काय करायचे?'

आणि आमच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या बँडमध्ये लाकडी फुंकवाद्यं नाहीतच, नुसतं पितळ आणि ढोल. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही, सॅक्सोफोनही नाही. १९३६ पासून हा बँड मैदानावर चालत चालत 'ओहायो' ही अक्षरं एकटाकी लिहितो, आणि शेवटी आयवरचा टिंब द्यायला सूसाफोनवाला ऐटीत पाय उचलत जातो आणि स्टेडियमच्या दोन्ही बाजूंना लवून मुजरा करतो. मुलांना जमिनीवर खडूने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढू द्या आणि त्यावरून एकामागोमाग चालवा. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी देवनागरी 'म' चालून काढला होता. टिंबासाठी 'मं' करा, अशी मागणी आली, कारण प्रत्येकाला टिंब व्हायचं होतं.

उंबरठा

मिशिगनमधून वाचतोय. टिंब छान असतो, एवढं कबूल करतो. याच्यापुढे काही कबूल करणार नाही.

सातवा मजला

उंबरठा, नोव्हेंबरात आपल्या दोन युनिव्हर्सिटींच्या फुटबॉल सामन्याला भेटू.

कोरा कागद

मी शेजारच्या इंडियानातून. परड्यू युनिव्हर्सिटीच्या बँडचा मोठा ढोल १९२१ मध्ये बनवलेला आहे, तो चाकांच्या गाड्यावरून मैदानात आणतात. जगातला सर्वांत मोठा ढोल असं ते त्याला म्हणतात. लेक चार वर्षांची असताना तिने तो पाहिला आणि तेव्हापासून तिला ढोलच हवा आहे.

आणि इथेच माझा प्रश्न आहे. आता ती दहा वर्षांची आहे, शाळेत वाद्य निवडायची वेळ आलीय. घरातली मोठी माणसं म्हणतात, मुलीने बासरी घ्यावी, हलकी आणि शोभते. तिला स्नेअर ड्रम, म्हणजे दोन काड्यांनी वाजवायचा छोटा कडक ढोल, हवा आहे. मी तिच्या बाजूने आहे, पण तिला दाखवायला उदाहरण हवं.

पाऊलवाट

कोरा कागद, आमच्या बँडच्या स्नेअर लाइनची सेक्शन लीडर मुलगी होती. दोन वर्षं ती ज्या बाजूला वळायची त्या बाजूला आम्ही दोनशे जण वळायचो.

पूर्वी काही बँडांची दारंच मुलींना बंद होती. शाळा-कॉलेजांत मुलामुलींत भेद करायला मनाई करणारा टायटल नाइन कायदा १९७२ मध्ये आला. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये मुली आल्या त्या १९७३ मध्ये. म्हणजे आजच्या आज्यांच्या वयाच्या बायकांनी हे दार उघडलं. चांदणवेल, येणाऱ्या बारा जणांत सूसाफोन किंवा ड्रमवर एखादी मुलगी आणि बासरी किंवा क्लॅरिनेटवर एखादा मुलगा पाठवा, असं बँडला आत्ताच कळवा. याबद्दल मुलांशी अवाक्षर बोलायचं नाही. त्यांनी नुसतं पाहावं.

चांदणवेल

आजच कळवते.

टिपरू

ढोलाचा विषय आणि मी गप्प, असं कसं होईल. इथल्या ढोल-ताशा पथकात सात वर्षं ढोल वाजवतोय.

मार्चिंग बँडच्या ड्रमलाइनमधली जी गोष्ट आपल्या पथकात नाही, तीच मुलांना दाखवा: बास ड्रम. आपल्याकडे पन्नास ढोल एकदम एकच ठोका देतात आणि त्यातच ताकद आहे. त्यांच्याकडे पाच बास ड्रम असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येकाचा सूर वेगळा. प्रत्येक जण एकेकच ठोका देतो, पण पाचही ठोके पाठोपाठ पडले की ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस पाच ढोलांवर वाजवतोय. टक-टुक-टम-ढुम-ढम. पाचातला एक जरी चुकला तर ओळीला भोक पडतं.

आठ वर्षांच्या मुलांसाठी याहून सोपं आणि याहून अवघड काही नाही. फक्त एक ठोका. मात्र तो नेमक्या क्षणी.

ताशाचं नातं स्नेअरशी. दोन्हींत कडक चामडी, आता प्लॅस्टिक किंवा केव्हलार, आणि काड्यांचा वेगवान खेळ. आपल्या पथकात ताशाच ढोलाला वाट दाखवतो, तसंच इथे स्नेअर. मी जेव्हा पहिल्यांदा इथली ड्रमलाइन पाहिली तेव्हा स्टेडियमबाहेर ताशाची उठाण घेतल्यासारखं रोल सुरू झालं आणि माझे हात आपोआप कमरेशी गेले, जिथे ढोल बांधलेला असतो.

मृद्गंध

टिपरू, ढोल बांधलेले हात… वाचून अंगावर काटा आला.

मी एका वेगळ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे. माझ्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही. गेल्या वर्षी असाच बँड शाळेत आला, आणि बंद जिममध्ये अचानक झांजा वाजल्या. तो टेबलाखाली गेला तो तासभर बाहेर आला नाही. त्यानंतर त्याला बँड या शब्दाचीच धास्ती बसली. साठ मुलांत अशी दोन-तीन तरी असणार. शांत मुलं सांगतही नाहीत.

कानावरचे मफ ठेवा, आणि ते 'ज्याला त्रास होतो त्याला' म्हणून देऊ नका, सगळ्यांनाच देऊ करा. ड्रमलाइनची मुलं स्वतः इअरप्लग घालतात, ते त्यांनी मुलांना दाखवावं. 'हे आमचंही साधन आहे, काड्यांसारखंच', असं त्या मोठ्या मुलांनी म्हटलं की लाज उरत नाही. आणि जमलं तर कार्यक्रम मैदानावरच घ्या. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, जिममध्ये भिंती तो परत फेकतात.

नदीकाठ

मृद्गंधशी पूर्ण सहमत. क्रमही बदला: बासरी, क्लॅरिनेट, मेलोफोन असं हळूहळू चढत जा. झांजा शेवटी, आणि आधी सांगून. 'आता तीन म्हटल्यावर मोठा आवाज येईल, तीन तूच म्हण' असं एखाद्या घाबरट मुलाला सांगितलं तर आवाज त्याच्या हातात जातो.

अर्धविराम

मैदानाला माझाही पाठिंबा. आणखी एक, मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून सुचतंय. मैदानाच्या एका टोकाला ड्रम आणि दुसऱ्या टोकाला मुलं ठेवा. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. आवाजाला तेवढं अंतर कापायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. काडी पडलेली आधी दिसते, ठोका नंतर ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर हा फरक अर्ध्या मात्रेहून जास्त आहे. मग मुलांना विचारा: टोकाचा माणूस कानांवर विश्वास ठेवून वाजवेल तर काय होईल?

पाऊलवाट

अर्धविराम, हाच तर आमचा पहिल्या दिवसाचा धडा! 'कानाने नको, डोळ्याने वाजवा.' पहिल्या वर्षी माझा डॉट, म्हणजे मैदानावरची माझी नेमून दिलेली जागा, उजव्या टोकाला होती. ड्रमलाइन मध्यावर मागे. मी ड्रम ऐकून वाजवत होतो, मला वाटे मी बरोबर आहे. रेकॉर्डिंग ऐकलं तर मी सगळ्यांच्या मागून लंगडत येतोय. त्यानंतर ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्याच्या, हातावरची नजर काढली नाही. दोनशे जणांना एकत्र ठेवणारं वाद्य म्हणजे ड्रम मेजरचे ते दोन हात, आणि त्यांना आवाजच नाही. मुलांनाही पाच मिनिटं ड्रम मेजर होऊ द्या.

रानवाट

फक्त एक भर. वर सगळी चर्चा एकाच पद्धतीच्या बँडची झाली. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांचे बँड मुलांना नक्की दाखवा, निदान व्हिडिओ. मी फ्लोरिडात शिकलो. फ्लोरिडा ए अँड एमचा 'मार्चिंग हंड्रेड' जिथे जिथे पाहता आला तिथे गेलो. गुडघा कमरेपर्यंत, वाद्य डावीकडे-उजवीकडे डोलतंय, आणि वाजवता वाजवता नाच. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा पॅरिसच्या संचलनात हा बँड चालला होता. १९६७ च्या पहिल्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या अंतिम सामन्याच्या, हाफटाइमला (मध्यंतराला) ॲरिझोना युनिव्हर्सिटी आणि ग्रँबलिंग स्टेट यांचे बँड होते. मोठमोठे गायक आले ते नंतर.

मुलांना दोन्ही चाली चालून पाहू द्या. पाण्याचा पेला न सांडणारी चाल आणि गुडघा उचलणारी चाल. दोन्हींना तेवढीच मेहनत लागते.

दगडफूल

ओबो आणि बासून ही दोन फुंकवाद्यं का नसतात मार्चिंग बँडमध्ये? लेकीने विचारलं, उत्तर आलं नाही.

नदीकाठ

दगडफूल, त्यांची दुहेरी रीड नाजूक असते आणि ती ओठांत धरायची असते. चालताना जरा धक्का बसला तर रीडही जाते आणि तोंडालाही इजा होते. उन्हापावसात लाकूड तडकण्याची भीती वेगळी. म्हणून मैदानावरचे क्लॅरिनेटही बहुधा प्लॅस्टिकचे असतात. ओबोवाली मुलं मार्चिंगच्या हंगामात बऱ्याचदा झांजा किंवा ध्वज घेतात.

कोरा कागद

माझ्या लेकीने स्नेअर भरला फॉर्मवर. आजीने स्वतः काड्या आणून दिल्या.

टिपरू

आजींना माझा नमस्कार सांगा.

चांदणवेल

मंडळी, शुक्रवार झाला. तुम्हा सगळ्यांना सविस्तर सांगते, कारण यातलं निम्मं तुमचंच आहे.

कार्यक्रम जिममध्ये न घेता मैदानावर घेतला. अर्धविराम म्हणाले तसं आधी सगळ्यांनी पाच मिनिटं नुसतं ऐकलं: एकटी पिकोलो, म्हणजे छोटी बासरी, मग तिच्यात एकेक वाद्य मिसळत गेलं. फूटभर लांबीची ती पिकोलो एवढ्या सगळ्यांच्या वर ऐकू येते, हे मुलांना पटेना. एक मुलगा ती कुठे लपवलीय का, ते पाहायला त्या दादाच्या मागे जाऊन आला. हो, दादाच. आणि सूसाफोनवर ताई होती.

मग सहा गट. दोरी धरली, पाइप कापला. पाइप कापल्यावर सूर चढला तेव्हा एक मुलगी म्हणाली, 'आणखी काप, आणखी काप,' आणि शेवटी नळी बोटभर उरली. रेघांवर आठ पावलं चालणं सगळ्यात लांबलं, कारण मुलांना रेघ चुकलेली चालेना. तीन गटांनी शिट्टी वाजल्यावरही हलायला नकार दिला. वेळापत्रक कोलमडलं आणि मेलोफोनच्या ठिकाणी दोन गट पोचलेच नाहीत. पाऊलवाट, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता बास ड्रम. टिपरूंनी सांगितलं तसं पाच ड्रम, पाच मुलं. पहिल्यांदा सगळ्यांनी एकदमच ठोकलं. दुसऱ्यांदा तिसऱ्या ड्रमवरचा मुलगा वाट बघत राहिला आणि त्याचा ठोका आलाच नाही. हा तोच मुलगा, जो वर्गात फारसा बोलत नाही. ड्रमवरच्या विद्यार्थ्याने त्याला काही समजावलं नाही, नुसतं गुडघ्यावर बसून त्याच्या नजरेसमोर नजर आणली आणि पाचवेळा मान हलवली. तिसऱ्या मानेला त्याने ठोका दिला. टक-टुक-टम-ढुम-ढम. तो ड्रमकडे बघत होता, आणि मग त्याने दुसरा हात ड्रमच्या पाठच्या चामडीवर टेकवला, अजून थरथरतंय का ते बघायला. माझ्या धाग्यातला तळहात तो हाच.

झांजांच्या वेळी 'तीन' म्हणायला सहा हात वर आले. मफ सगळ्यांना देऊ केले, एकवीस मुलांनी घातले, त्यात माझी लेकही होती.

निघताना ड्रम मेजरने विचारलं, की गुरुवारी स्टेडियमशेजारच्या मैदानावर त्यांचा पूर्ण बँडचा सराव आहे, कोणाला यायचंय का? चौतीस पालकांनी नावं दिली आहेत. आता अडचण एवढीच, की शाळेचे मफ शाळेबाहेर नेता येत नाहीत, आणि इकडून तिकडून गोळा करून माझ्याकडे सत्तावीस जमलेत.

पाऊलवाट

मेलोफोनचं मनावर घेऊ नका. गुरुवारी त्या दोन गटांना मेलोफोनच्या रांगेसमोर उभं करा. सरावाच्या वेळी रांगेच्या पुढ्यात दहा-पंधरा फुटांवर उभं राहू देतात, फक्त आधी विचारा. आणि मागे चालण्याच्या वाटेत कोणी येणार नाही एवढं बघा. बँड उलटा चालत येतो तेव्हा त्याला मागचं दिसत नाही.

मृद्गंध

सात मफ कमी ना? माझ्याकडे लहान मुलांच्या मापाचे आठ आहेत, मुलाच्या वाढदिवसाला आणले होते. उद्या सकाळी पोस्टात टाकते, बुधवारपर्यंत पोचतील. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चांदणवेल

केला. निळ्या पिशवीत घालून परत पाठवते.

मृद्गंध

परत नको. त्या तिसऱ्या ड्रमवाल्या मुलाला एक द्या, आणि गुरुवारी तो कुठे उभा राहिला ते इथे लिहा.